भामाबाई लंकेला जाऊन आल्या

कार्ल्याच्या भामाबाई ओव्हाळ वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी श्रीलंकेला जाऊन आल्या. त्याआधीचा त्यांचा सगळ्यांत लांबचा प्रवास नागपूरचा, दीक्षाभूमीचा, तोही नवऱ्याच्या मागं मागं. बाकीचा जन्म मळवली ते लोणावळा एवढ्या एका स्टेशनाच्या अंतरात सरला. सकाळची गाडी धरायची, लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईपुढं दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी परत यायचं. अशी एकतीस वर्षं. पाक उतरवायची वेळ झाली, हे त्या नुसत्या वासावरून सांगत. कारखान्यात नवीन कुणी आलं की मालक म्हणायचा, "घड्याळाचा काटा-बिटा बघत बसू नका, भामाबाईंचं नाक बघा."

नवरा बाजीराव रेल्वेत गँगमन, आणि वस्तीतल्या बौद्ध मंडळाचे सचिव. माणूस कडक. घरात देव्हारा नाही, उतारा नाही, अंगात येणं नाही. दर रविवारी वंदना आणि वंदनेनंतर बावीस प्रतिज्ञा, मोठ्यानं, एकही न गाळता. भामाबाई शेजारी बसून म्हणत. फक्त देवदेवतांना मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशा प्रतिज्ञा आल्या की त्यांचा आवाज आपोआप खाली जाई. बाजीरावांना वाटायचं, बायकोला खोकला आहे.

त्यामागं एक गोष्ट होती आणि ती भामाबाईंनी पस्तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

मुलगा प्रदीप तेव्हा अडीच वर्षांचा होता. आषाढातली भातलावणी चालली होती. चिक्कीचं काम अजून लागलं नव्हतं. भामाबाई झुंबरबाईंच्या खाचरांत रोजानं जात. झुंबरबाई आणि त्यांचे मालक रखमाजी, हे गावातलं मोठं शेतकरी घर. पोराच्या अंगात सकाळपासून कणकण होती, म्हणून त्याला बांधावर पानांच्या इरल्याखाली निजवलं होतं. दुपारी ताप भडकला आणि पोराला आकडी आली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. रखमाजींनी दुधाचा टेम्पो काढला. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी बघितलं, सुई टोचली आणि सांगितलं, पुण्याला न्या, वाटेत थांबू नका. बाजीराव घाटात ड्यूटीवर. टेम्पोत मागं भामाबाई, मांडीवर पोर, शेजारी झुंबरबाई. पुण्याच्या वाटेवर कार्ल्याचा डोंगर पुन्हा समोर आला आणि भामाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आई, माजं लेकरू वाचीव. तुजी वटी भरीन, पाच नारळ फोडीन."

पोर वाचलं. नवस मात्र तसाच राहिला. फेडायला जावं तर बाजीरावांच्या माघारी, बाबासाहेबांच्या माघारी जायचं. न जावं तर आईला दिलेला शब्द मोडायचा. कार्ल्याच्या डोंगरावर लेणं आणि एकवीरेचं देऊळ एकाच उंबऱ्याशी आहे. बुद्धपौर्णिमेला मंडळ लेण्यात वंदनेला जाई, तेव्हा भामाबाई देवळावरून मान खाली घालून जात. प्रदीपला पुढं साधा खोकला झाला तरी त्या मनात म्हणायच्या, हा नवसाचाच. आणि लेण्यात बुद्धापुढं हात जोडले की वाटायचं, आपले हे हात खोटे. दोन्हीकडून चोर.

बाजीराव गेले त्याला आता चार वर्षं झाली. प्रदीप नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, सून रुपाली गावातच अंगणवाडीत. लोणावळ्याचे सुहास भालेराव, पोस्टातून रिटायर झालेले गृहस्थ, दरवर्षी उपासक-उपासिकांची एक सहल काढतात. यंदा श्रीलंका ठरली, ज्येष्ठ पौर्णिमेला धरून नऊ दिवस. प्रदीप म्हणाला, "आई, तू जाच. रुपाली येईल सोबतीला."

भामाबाई एका शब्दात तयार झाल्या, तेव्हा घरातले सगळे चकित झाले. त्यांच्या मनात काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना तिथली माणसं बघायची होती. जे लोक दोन-सव्वादोन हजार वर्षं पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध आहेत, ते असतात तरी कसे? पोर फणफणलं की ते काय करतात? त्यांना भीती वाटत नाही का? आपण त्यांच्यापुढं किती उण्या पडतो, ते एकदा डोळ्यांनी बघून यायचं आणि मग जे काय असेल ते असेल.

निघायच्या आदल्या दिवशी झुंबरबाई काठी टेकत ओट्याशी आल्या. ऐंशी पार केलेल्या, पण जिभेला धार तशीच.

"रावनाच्या गावाला चाललीस व्हय गं भामे?"

"बुद्धाच्या गावाला चाललेय, मावशी."

"बुद्ध तर हितं डोंगरावर हाय आपल्या. त्याला बघाया इमानात कशाला बसाया पायजे?"

भामाबाईंनी त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

कोलंबोला विमानतळाबाहेर एक पन्नाशीची बाई पांढऱ्या साडीत पाटी धरून उभी होती. ही त्यांची गाइड. हिंदी तिनं कॉलेजात शिकलेलं, त्यामुळं अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायची. नाव विचारल्यावर म्हणाली, चंपा.

"चंपा?" भामाबाई हसायलाच लागल्या. "अगं, आमच्या कारखान्यात तीन चंपा हैत!"

रुपालीनं ते हिंदीत सांगितलं. चंपा म्हणाली, तिच्या गल्लीतही तीन आहेत. तिथून दोघींचं जमलं.

बस निघाली आणि भामाबाई खिडकीला चिकटल्या. भाताची खाचरं, बांधावर फणस, लाल कौलांची घरं. त्या सारखं रुपालीला म्हणत राहिल्या, "हे बग, आपल्यासारकंच. हेबी बग." फक्त नारळ जास्त, आणि डोंगराऐवजी जिकडंतिकडं मोकळं आभाळ.

पहिल्याच दिवशी एका मोठ्या विहारात गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाळूवर निवांत बसलेली. कुणी कमळं वाहत होतं, कुणी बोधीवृक्षाला पाणी घालत होतं. कसली घाई नाही, ढकलाढकली नाही. भामाबाईंना वाटलं, हेच ते. असंच असायला हवं माणसानं. त्या फुलं घ्यायला दारातल्या म्हातारीकडं गेल्या. म्हातारीनं त्यांच्याकडं, त्यांच्या साडीकडं बघितलं, काहीतरी विचारलं आणि हातानं उजवीकडं दाखवलं.

"काय म्हनती?"

चंपा जरा घुटमळली. "म्हणते, तुम्ही इंडियाचे ना? म्हणजे हिंदू. तुमचा देव तिकडच्या देवळात आहे."

सुहास भालेराव मागंच होते. ते पुढं आले. "हम बौद्ध हैं! भारत के बौद्ध!"

म्हातारी गोंधळली. भारतात आता बौद्ध उरलेले नाहीत, असं तिला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. तिनं पैसे न घेता भामाबाईंच्या ओंजळीत एक कमळ जास्तीचं ठेवलं, पण तिच्या तोंडावरून दिसत होतं की तिला काही ते पटलेलं नाही.

आणि उजवीकडं खरोखरच देऊळ होतं. विहाराच्याच आवारात. आत विष्णू, आणखी एक-दोन देव, पुढं फळांची तबकं घेतलेल्या बायका, नारळ फोडायला एक दगड. त्या बायकांनी आधी बुद्धाला कमळ वाहिलं होतं आणि आता त्या ह्या रांगेत उभ्या होत्या.

बसमध्ये त्या दिवशी मोठा वाद झाला. सुहास भालेराव तळमळून बोलत होते. "विहारात देव? मग आपल्या बापजाद्यांनी देव नदीत सोडले ते कशासाठी? ह्यांना बौद्ध म्हणायचं कसं?" मागं बसलेल्या कुणी म्हटलं, त्यांचा देश, त्यांची रीत. कुणी म्हटलं, चूक ती चूक. शेवटी सुहास भालेरावांनी चंपालाच विचारलं.

तिनं शांतपणे सांगितलं, "बुद्धाकडे आम्ही काही मागत नाही. तो देणारा नव्हेच, तो शिकवणारा. पण माणसाला कधीतरी मागावंसं वाटतं. तेव्हा मग आम्ही तिकडे जातो."

"हे चुकीचं नाही का?"

"आमचे काही भिक्खूही म्हणतात, चुकीचं आहे," चंपा म्हणाली. "आम्ही ऐकतो, आणि जातो."

सगळे हसले. भामाबाई हसल्या नाहीत. त्या हातात उरलेल्या जास्तीच्या कमळाकडं बघत बसल्या. असल्या बौद्धांच्या देशात पोचून अजून दिवस मावळला नव्हता.

कँडीच्या रस्त्यावर चहाला बस थांबली. तिथं एक टपरी होती, तिळाचे लांबट लाडू करून कागदात गुंडाळून विकणारी. मागं उखळात एक बाई तीळ आणि गूळ कुटत होती. भामाबाई सरळ आतच गेल्या. गूळ काळपट होता, ताडासारख्या कुठल्याशा झाडाच्या रसाचा. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला, डोळे मिटले, पुन्हा टाकला. मग शेगडीवर एका कढईत गूळ रटरटत होता, त्याचा वास घेतला आणि झटकन म्हणाल्या, "उतरव, उतरव! करपंल!"

मराठी त्या बाईला काय कळणार? पण तिनं कढई उतरवली. थेंब पाण्यात टाकून बघितला, तो अगदी हवा तसा आळला होता. तिनं भामाबाईंकडं बघितलं आणि उखळातलं मुसळ त्यांच्या हातात दिलं. पंधरा मिनिटं दोघी कुटत होत्या. एकीनं शेंगदाण्याची खूण करून दाखवली, दुसरीनं खोबऱ्याची. बसचा हॉर्न वाजला तेव्हा भामाबाईंच्या साडीला गूळ लागला होता आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या दिसत होत्या.

"इचार तिला," त्या रुपालीकरवी चंपाला म्हणाल्या, "हातावर भाजल्याचे डाग किती हैत. माजे हे बग, नऊ."

त्या बाईचे सात होते.

वर डोंगरात गेल्यावर हवा लोणावळ्यासारखी गार झाली. चहाचे मळे लागले. पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका उतारावर वाकून पानं खुडत होत्या. कपाळाला कुंकू, नाकात चमकी. रस्त्याच्या कडेला त्यांच्या खोल्यांची रांग होती, एका भिंतीला दुसरी भिंत लागलेली, पत्र्याची, गावापासून सुटी.

"ह्या कोन?"

"तमिळ आहेत. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी ह्यांचे पणजे तुमच्या देशातून मळ्यांवर आणले," चंपा म्हणाली. "आमच्याकडे कितीतरी लोक अजून ह्यांना इंडियावालेच म्हणतात."

"दोनशे वर्षं हितं राहून?"

"हो."

भामाबाई वळून त्या खोल्यांच्या रांगेकडं बघत राहिल्या, वळण येऊन ती दिसेनाशी होईपर्यंत. मग हळूच म्हणाल्या, "वस्ती भाईर टाकायची रीत हितंबी पोचली म्हनायची."

चंपाला शब्द कळले नाहीत. रुपालीनं ते तिला हिंदीत सांगितलं. मग तिनं आपणहून पर्समधून रविवारचं वर्तमानपत्र काढलं. लग्नाच्या जाहिरातींचं पान. तिची भाची लग्नाची होती, तिच्यासाठी ती चाळत होती. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. बौद्ध. उंची. नोकरी. आणि जात.

"बौद्धात जात?" सुहास भालेरावांचा आवाज ह्या वेळी चढला नाही. तो बसला.

"लिहायला नको," चंपा म्हणाली. "सगळे म्हणतात लिहायला नको. आणि लिहितात."

भामाबाईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या वाईट वाटण्याखाली आणखी काहीतरी हलत होतं आणि ते काय आहे हे त्यांना लगेच उमजलं नाही. आपण परीक्षेला आलो आहोत, असं समजून त्या आल्या होत्या. इथं तर परीक्षा घेणाऱ्यांचीही पाटी त्यांच्यासारखीच खोडाखोड झालेली.

पौर्णिमेला ते अनुराधपूरला पोचले. अशोकाचा मुलगा महेंद्र ह्याच पौर्णिमेला ह्या बेटावर धम्म घेऊन आला, असं इथले लोक मानतात. सगळा मुलूख पांढऱ्या कपड्यांत रस्त्यावर उतरला होता. जागोजागी मांडव. तरुण मंडळी झेंडे हलवून गाड्या थांबवत होती आणि फुकट जेवू घातल्याशिवाय पुढं सोडत नव्हती. त्यांची बस चार ठिकाणी अडवली गेली. चौथ्या ठिकाणी सुहास भालेराव हात जोडून म्हणाले, पोटात जागा नाही, तर त्यांच्या हातात सरबताचा पेला आलाच. भामाबाईंना हे फार आवडलं. "वाडनारा कोन आन् जेवनारा कोन, कुनी इचारतच न्हाई," त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक मांडवात दोन घास खाल्लेच.

दुपारी बोधीवृक्षापाशी गेले. कठड्यावर, दगडांच्या फटींत, जवळच्या झाडांच्या फांद्यांवर पांढऱ्या चिंध्यांच्या बारीक बारीक गाठी बांधलेल्या. गाठीत नाणं.

"हे काय?"

"नवस," चंपा म्हणाली. तिनं हिंदी शब्द 'मन्नत' वापरला होता, पण तो सांगायला रुपालीची गरज लागली नाही. "ही माझी जागा. इथंच बांधली होती मी."

आणि तिनं सांगितलं. तिचं माहेर दक्षिणेला, समुद्रकाठी. दोन हजार चारला त्सुनामीची लाट आली, तेव्हा तिचा मुलगा मावशीबरोबर बाजारात गेला होता. दोन दिवस पत्ता नाही. तिनं बुद्धालाही हात जोडले, देवळातल्या देवालाही बोलली, जे सुचलं ते बोलली. तिसऱ्या दिवशी मुलगा टेकडीवरच्या एका विहारात सापडला. तिथल्या भिक्खूंनी तीनशे माणसं उचलून वर नेली होती. नवस फेडायला मात्र ती तीन वर्षांनी इथं आली.

"तीन वर्सं?" भामाबाईंनी तिचं मनगट धरलं. "भ्याव न्हाई वाटलं?"

"कुणाचं?"

"नवस राह्यला म्हनून."

चंपाला प्रश्नच कळेना. मग ती हसली. "बोधीवृक्ष काय पोलीस आहे, मागे लागायला?"

भामाबाई कठड्यापाशी बसल्या. आणि रडायला लागल्या. रुपाली घाबरली, पाणी आणायला निघाली, तिला त्यांनी हाताला धरून बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. खाचर, इरलं, आकडी, टेम्पो, डोंगर, पाच नारळ. रुपाली चंपाला हिंदीत सांगत होती. शेवटी ती म्हणाली, "आई, एवढंच?"

"एवडंच म्हनतीस?" भामाबाईंना रागच आला. "पस्तीस वर्सं काढली मी हिच्यावर! तुला एवडंच वाटतं?"

"तसं नाही हो." रुपालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तापात अशी आकडी येते लहान मुलांना. आमच्या अंगणवाडीत वर्षाला एक-दोन पोरं असतात. वेळेवर नेलं की बरी होतात. तुम्ही वेळेवर नेलंत. त्याच्यासाठी एकदा तरी स्वतःला शाबासकी दिलीत का?"

हे भामाबाईंना कधी सुचलंच नव्हतं.

चंपानं मग एक गोष्ट विचारली. तुमच्या घरात बौद्ध आधी कोण झालं? भामाबाई म्हणाल्या, माझे वडील. माहेर नवलाख उंबऱ्याचं. देहूरोडला बुद्धमूर्ती बसली तेव्हा ते चालत गेले होते, पायात वहाण नाही. दोन वर्षांनी सगळ्या वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा घरातले देवाचे टाक नदीत सोडले. आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. गावानं विहिरीवरून बोल लावले ते निराळेच.

"मी जन्मले आणि बौद्ध झाले," चंपा म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही, मला कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही. तुमच्या वडिलांना सगळ्यांना उत्तर द्यावं लागलं. आमच्याकडे असं कुणी नाही माझ्या माहितीत."

थोड्या वेळानं सहलीतल्या सगळ्यांनी झाडाच्या सावलीत बसून वंदना सुरू केली. पाली तीच, चाल मराठी. आजूबाजूची माणसं चमकून वळली. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन बसले. मग एक कुटुंब. तिसऱ्या गाथेपर्यंत पन्नासेक माणसं त्यांच्या चालीत आपली चाल मिसळत म्हणत होती. भामाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. रुपाली त्यांच्याकडं बघतच राहिली. चौदा वर्षांच्या संसारात तिनं सासूचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

घरी परतल्यावर भामाबाईंना लक्षात आलं की एका बाजूनं आपण सुटलो. बुद्धापुढं आता हात खोटे वाटत नव्हते. पण दुसरी बाजू राहिलीच होती. डोंगरावरच्या आईला त्या मानत नव्हत्या, पण शब्द तर दिला होता, आणि तो मोडला होता. हे कुणाशी बोलावं? टेम्पोत शेजारी कोण होतं, तिच्याशीच.

त्या लंकेतले तिळाचे लाडू घेऊन झुंबरबाईंकडं गेल्या. झुंबरबाई पडवीत सुपात लसूण घेऊन सोलत बसल्या होत्या. भामाबाईंनी बसल्या बसल्या विषय काढला.

"मावशी, पर्दीपला आकडी आलती तो दिस आठवतो?"

झुंबरबाईंचे हात थांबले. "न आठवाया काय झालं."

"मी टेम्पोत नवस बोलले हुते. वटी आन् पाच नारळ. तुमी ऐकलाव न्हवं का? तो म्या फेडला न्हाई. कदीच."

झुंबरबाईंनी लसणाचं सूप बाजूला सारलं.

"फिटला की तो. फुडल्याच चैतात. म्या फेडला."

"तुमी?"

"वटी भरली, पाच नारळ फोडलं. आईला म्हनलं, हिनं बुद्धाचं वचान घेतलंय, तिला हितं बोलवू नगं, तिच्या नावानं म्या आलेय."

भामाबाई एकदम भडकल्या. "आन् मला पस्तीस वर्सं सांगितलं न्हाई?"

"तू कदी इचारलंस? मला वाटलं, इसरलीस." झुंबरबाई दुसरीकडं बघत होत्या. "आन् खरं सांगू का भामे, सांगायची मला लाज वाटायची. त्या दिशी सकाळच्यालाच तू म्हनलीस, पोराच्या अंगात कनकन हाय, मी जाते. आन् म्या म्हनलं, दोन खाचरं राह्यलीत, तेवडी उरकून जा. तू उरकलीस. तवर पोर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तो नवस तुजा कसला? माजाच हुता तो. पोराला काय झालं असतं तर मी काय तोंड दाखिवलं असतं?"

त्या दिवसापासून भामाबाई झुंबरबाईंच्या खाचरात पुन्हा कधी गेल्या नव्हत्या. चिक्कीचं काम लागलं म्हणून गेल्या नाहीत, असं त्या सांगत आल्या होत्या, आणि ते अर्धंच खरं होतं. ती दोन खाचरं त्यांनाही आठवत होती. त्याबद्दल बोलायची वेळ मात्र आज आली.

"मीबी म्हनायला पायजे हुतं, न्हाई उरकत म्हनून," भामाबाई म्हणाल्या.

"तवा कुनाची छाती हुती म्हनायची," झुंबरबाई म्हणाल्या.

भामाबाईंनी सूप ओढून घेतलं आणि लसूण सोलायला घेतला. झुंबरबाईंनी तिळाचा लाडू फोडला, दाढेखाली धरला आणि म्हणाल्या की गूळ बरा आहे पण तीळ कच्चा आहे, आणि त्यावर भामाबाईंनी वाद घातला.

पुढच्या रविवारी लोणावळ्याच्या विहारात सुहास भालेरावांनी त्यांना बोलायला उभं केलं. श्रीलंकेत काय बघितलं ते सांगा म्हणाले. समोर साठ-सत्तर माणसं, बायका जास्त. भामाबाईंनी माईक हातात घेतला नाही.

"तितली मान्सं लय चांगली हैत," त्या म्हणाल्या. "पोटभर जेवू घालत्यात. हळू बोलत्यात. गुळाचं काम त्यांना येतं. आन् आपल्यावानीच चुकत्यात. जात सोडायची म्हनत्यात आन् सुटत न्हाई. बुद्धाला मानत्यात आन् भ्याव वाटलं की नवस बोलत्यात. मीबी बोलले हुते."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना वर केल्या. भामाबाईंनी सगळं सांगितलं, बाजीरावांच्या प्रतिज्ञा आणि आपला बसलेला आवाजही. मग म्हणाल्या, "नवस बोला असं मी सांगत न्हाई. पोराला ताप आला तर दवाखाना गाठा, कामावर कुनी थांबा म्हनलं तर थांबू नका. आमच्या बापानं देव सोडलं ते बरं केलं. पर कुनी भ्यायली आन् तिच्या तोंडून काय निगून गेलं, तर तिनं ते जल्मभर छातीवर घेऊन बसू नये. एवडंच."

त्या खाली बसल्या. सुहास भालेराव आभार मानायला उठले, पण बोलायच्या आधी बाजूला बघत राहिले, कारण भिंतीशी बसलेली रतन उभी राहिली होती. रतन म्हणजे लोणावळ्याच्या एका हॉटेलात भांडी घासणारी, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं सांगितलं की मुलीच्या बाळंतपणात तीही नवस बोलली होती. मग मागून आणखी एकीनं हात वर केला. सुहास भालेराव हळूच आपल्या खुर्चीत बसले. थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या आईनंही एकदा..." आणि थांबले. रेणुका नावाच्या एका मास्तरणीनं त्यांना म्हटलं, "सांगा ना."

विहार सहा वाजता बंद होतो. त्या दिवशी राखणदारानं दोनदा आत डोकावून बघितलं, मग बाहेरच्या पायरीवर बसून घेतलं आणि चहा मागवला.